घरी कोण असतं, आणि भाषा येते का?

चर्चच्या मंडळीत नवीन माणूस आला की त्याला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. घरी कोण कोण असतं, आणि आमची भाषा येते का. पहिल्याचं उत्तर ‘मी एकटीच’ आणि दुसऱ्याचं ‘थोडी थोडी’ असं आलं की विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर माया दाटते आणि बोलणं तिथंच थांबतं. त्या मायेमागचा हिशेब मला पाठ आहे: हिचं लग्न होईल, हिला भाषा येईल, मग ही आपल्यातली होईल, तोवर हिला चहा द्या, हिच्यासाठी प्रार्थना करा. या ‘तोवर’मधून बाहेर यायला मला बरीच वर्षं लागली. ती कशी गेली आणि कुणी काय केल्यानं वाट सुटली ते इथं मांडते आहे, कारण आपल्या मराठी मंडळ्यांमध्येही आज अशी माणसं मागच्या बाकावर बसलेली आहेत.

मी मूळची अहमदनगरची, आता ज्याला अहिल्यानगर म्हणतात तिथली. चार पिढ्यांचं ख्रिस्ती घर. शब्बाथ शाळेपासून, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गापासून, सगळं मंडळीतच झालं. पण तिशी उलटल्यावर त्याच मंडळीत मला जागा उरली नाही. तरुण संघात मी वयानं मोठी, आणि महिला मंडळात सगळ्या संसारी बायका. तिथं विषय निघायचे ते सासूचे, मुलांच्या दहावीचे, नवऱ्याच्या बदलीचे. ‘येऊ नको’ असं मला कुणी म्हणालं नाही. पण कुटुंब सप्ताहात एकेका कुटुंबाला पुढं बोलावून आशीर्वाद द्यायचे, तेव्हा मी पस्तिशीतही आईबाबांच्या मागं उभी असायची, आणि ‘प्रभू, या कन्येचंही लवकर मार्गी लाव’ अशी प्रार्थना मोठ्यानं व्हायची. मला आधी कुणी विचारलेलं नसायचं. सगळी मंडळी आमेन म्हणायची. मी नर्स होते, रात्रपाळ्या करून घराला हातभार लावत होते, शब्बाथ शाळेत शिकवत होते. माझ्याबद्दल देवाला सांगण्यासारखं तेवढंच होतं का?

आणि हे कुठं, तर नगरमध्ये! ज्या नगरला सिंथिया फॅरारबाईंनी आयुष्य दिलं, तिथं. अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेनं परदेशी सेवेला पाठवलेल्या पहिल्या अविवाहित अमेरिकन स्त्रियांपैकी ही एक. 1827 च्या अखेरीस ती मुंबईत उतरली, 1839 मध्ये नगरला आली आणि 1862 मध्ये तिथंच वारली. मराठी शिकली, मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुल्यांनी नगरला येऊन तिच्या शाळा पाहिल्या होत्या, आणि मग 1848 मध्ये पुण्यात आपली शाळा काढली. तिची मराठी वाक्यं अधूनमधून अडखळलीच असणार, आणि आमच्या गावातल्या बायकांनी ती थांबून ऐकून घेतली असणार. एकट्या बाईचा आणि शिकाऊ भाषेचा एवढा मोठा वारसा ज्या गावाला आहे, त्या गावानं तरी हे विसरू नये, असं मला आजही मनापासून वाटतं.

2019 च्या उन्हाळ्यात, अडतिसाव्या वर्षी, मी जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या एका लहान शहरात नोकरीला आले. पुण्यात राहून जर्मन भाषेची बी-2 पातळीची परीक्षा दिली होती. आल्याबरोबर नगरपालिकेत नाव नोंदवावं लागतं आणि त्या अर्जात धर्माचा रकाना असतो. मी ‘इव्हँजेलिकल’ लिहिलं. त्या एका शब्दानं मी व्युर्टेम्बर्गच्या प्रॉटेस्टंट चर्चची सभासद झाले आणि पहिल्या पगारापासून चर्चकर कापला जाऊ लागला. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या इथल्या राज्यात आणि बव्हेरियात तो आयकराच्या 8 टक्के असतो, बाकी देशात 9. म्हणजे मंडळीतल्या कुणाशी एक वाक्य नीट बोलण्याआधीच मी तिचा खर्च उचलणारी होते. कागदावर मी कधीच ‘तोवर’मध्ये नव्हते.

बाकावर मात्र होते. इथं पाळक एक बाई आहेत. त्या पाळकीणबाईंचं प्रवचन शुद्ध जर्मनमध्ये असायचं, ते निम्मंअर्धं कळायचं. खरी परीक्षा त्यानंतर. इथं उपासना संपल्यावर लोक दारापाशी उभ्या उभ्या गप्पा मारतात, त्याला श्टेंडरलिंग म्हणतात, आणि तिथं सगळे श्वेबिश या इथल्या बोलीत बोलतात. पुण्यात शिकलेल्या जर्मनला तिथं थाराच नाही. मी कॉफीचा कप धरून हसत उभी राहायची. समोरची माणसं चांगली होती. काही मोठ्यानं बोलायची, जणू मला ऐकू कमी येतं. काही लगेच इंग्रजीवर यायची, आणि त्यांचं इंग्रजी आणि धीर दोन्ही लवकर संपायचं. पण सगळ्यांत जास्त जिव्हारी लागायचं ते तिसऱ्या प्रकारचं. जर्मन वाक्यात क्रियापद बऱ्याचदा शेवटी येतं, आपल्या मराठीसारखंच. मी वाक्य रचत रचत शेवटापर्यंत यायची, क्रियापद ओठांवर यायचं, आणि नेमकं तेव्हा समोरचा ते बोलून टाकायचा. मदत म्हणूनच. पण मला म्हणायचं असायचं एक आणि त्यानं पूर्ण केलेलं असायचं भलतंच. मग मी मान हलवून ‘हो’ म्हणायची. असं करत करत त्या लोकांच्या मनात माझ्याविषयी कितीतरी गोष्टी पक्क्या झाल्या, ज्या मी कधी बोललेच नव्हते. एका आजोबांना पुष्कळ दिवस वाटत होतं की माझा नवरा भारतात आहे.

हे बदललं ते एका डियाकोनिसमुळे. ऐंशी ओलांडलेली, पांढरी टोपी अजून नेमानं घालणारी. डियाकोनिस म्हणजे अविवाहित राहून सेवा करणाऱ्या प्रॉटेस्टंट भगिनी. 1836 मध्ये थेओडोर फ्लीडनर या पाळकानं ऱ्हाइनकाठच्या कायझर्सव्हर्टला त्यांचं पहिलं मातृगृह, म्हणजे एकत्र राहण्याचं आणि शिकण्याचं घर, काढलं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल तिथं शिकायला गेली होती, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षीच आम्हाला सांगितलेलं. आमच्या पेशाचा उगम ज्या बायकांपाशी आहे त्यांच्यातली एक माझ्या शेजारी येऊन बसली, आणि तिनं पहिल्यांदा मला विचारलं, ‘कुठल्या वॉर्डात काम करता?’ घरी कोण असतं हे तिनं विचारलंच नाही. मी हृदयरोग विभाग म्हणाले, तशी ती रात्रपाळीचं विचारू लागली.

तिची रीत नीट सांगते, कारण ती कुणालाही जमण्यासारखी आहे. मी बोलत असताना ती माझ्याकडे बघत थांबायची. क्रियापद सापडायला अर्धा मिनिट लागलं तरी थांबायची. मधे कुणी शब्द पुरवायला आलं तर नुसता हात वर करायची. चूक मधेच कधीच दुरुस्त केली नाही. उपासना संपली की त्या दिवशीच्या छापील उपासनाक्रमाच्या समासात पेन्सिलनं एक दुरुस्ती लिहून तो कागद माझ्या हातात द्यायची. एका रविवारी एकच. मी पाच चुका केल्या असल्या तरी एकच, तिला सगळ्यांत उपयोगाची वाटेल ती. मी म्हटलं, सगळ्या सांगा ना. ती म्हणाली, ‘तुम्ही इथं परीक्षा द्यायला येत नाही, उपासनेला येता.’ ते कागद मी अजून ठेवले आहेत.

2020 चा मार्च आला आणि चर्चची दारं बंद झाली. आमच्या कामाचे ते दिवस कसे गेले यावर इथं लिहीत नाही. पण उपासना व्हिडिओवर आली आणि मला पहिल्यांदा प्रवचन थांबवून, मागं नेऊन ऐकता आलं. मग मीच पाळकीणबाईंना विचारलं की प्रवचनाचा मजकूर शनिवारी मेलवर मिळेल का. त्या म्हणाल्या, हे आधी का नाही सुचलं आम्हाला. दारं उघडल्यावर त्या प्रती छापून दारापाशी ठेवायला लागल्या. इरिट्रियाची दोन कुटुंबं त्या उचलायची, इराणहून आलेला एक तरुण उचलायचा, आणि ऐकू कमी येणारी श्वेबिश म्हातारी माणसंही, जी इतकी वर्षं काही न बोलता अर्धंच ऐकत होती. 2021 मध्ये बाझिसबीबल हे सोप्या जर्मनमधलं पूर्ण बायबल आलं. छोटी छोटी वाक्यं, कठीण शब्दांचा अर्थ समासात. ल्यूथरच्या भाषांतराशेजारी त्याच्याही चार प्रती बाकांवर आल्या.

आमच्या मंडळीत गुरुवारी भाषा-कॅफे भरतो. 2015 मध्ये जर्मनीत सुमारे 8 लाख 90 हजार माणसं आसरा मागायला आली, तेव्हा अनेक चर्चनी असे कॅफे सुरू केले, त्यातलाच एक. तिथले स्वयंसेवक फार जीव लावणारे. तरी मला तिथलं एक खटकायचं. गुरुवारची बहुतेक माणसं रविवारी दिसत नव्हती आणि रविवारची गुरुवारी फिरकत नव्हती. गुरुवारी आम्ही टेबलाच्या एका बाजूला, केक खाणारे. ते दुसऱ्या बाजूला, केक आणणारे. असं वर्षानुवर्षं चालू राहिलं तर माणूस कायमचा पाहुणा होतो, आणि पाहुण्याला कुणी घरातलं काम सांगत नाही. पुन्हा त्या डियाकोनिसनंच बैठकीत विषय काढला. तो इराणी तरुण तेहरानमध्ये इलेक्ट्रिशियन होता, आणि आमच्या चर्चचा ध्वनिवर्धक दर रविवारी कुरकुरायचा. ‘त्याला भाषा आली की सांगू’ असं कुणी म्हणालं. ती म्हणाली, ‘त्याला वायर येते.’ पुढच्या रविवारपासून तो मिक्सरपाशी बसला, आणि माइक, आवाज, कमी, जास्त, आता, थांबा, असं करत वर्षभरात माझ्यापेक्षा चांगलं श्वेबिश बोलायला लागला.

भाषेचं असं मार्गी लागत होतं. एकटेपणाचं जास्त अवघड होतं, कारण इथं कुणी लग्नाचं विचारत नाही. त्यामुळे सगळं ठीक आहे असंच सगळ्यांना वाटतं. पण व्यवस्था मात्र जोडप्यांना आणि कुटुंबांना धरूनच असते. मंडळीच्या वार्षिक शिबिराला कुटुंबांना सवलत आणि एकट्या माणसाला ‘सिंगल खोली’चे जादा पैसे. मी, दोन विधवा आणि घटस्फोट झालेले एक शिक्षक, आम्ही ते दर वर्षी मुकाट्यानं भरत होतो. नाताळचंही तेच. जिथं काम करते तिथं ‘तुला काय, घरी वाट बघणारं कोण आहे’ म्हणून 24 तारखेची संध्याकाळची ड्यूटी पहिली काही वर्षं माझ्याच नावावर पडली. मुलंबाळं असलेल्यांना सुट्टी मिळावी हे मलाही पटतं. पण मला न विचारता माझी संध्याकाळ मोकळी धरली जाते, ते पटत नाही. आणि ज्या वर्षी सुट्टी मिळाली त्या वर्षी कळलं की चर्चमध्ये दुपारी मुलांचं ख्रिस्तजन्माचं नाटक झालं की सगळे आपापल्या घरी जातात, आणि 24 च्या त्या संध्याकाळी चर्चच्या सभागृहाला कुलूप असतं.

मी कुलपाची गोष्ट डियाकोनिसला सांगितली. तिच्या मातृगृहात नाताळचं टेबल कधी रिकामं राहिलंच नव्हतं, त्यामुळे तिलाही हे नवीन होतं. आम्ही दोघी पाळकीणबाईंकडे गेलो. पहिल्या वर्षी सूचना छापली गेली ती ‘एकाकी लोकांसाठी जेवण’ अशी. शिक्षकांनी ती वाचली आणि मला म्हणाले, ‘या टेबलावर मी बसणार नाही.’ त्यांचं बरोबर होतं. मग सूचना बदलली: संध्याकाळी 7, जेवण, सगळ्यांसाठी. बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज, इथलं 24 तारखेचं ठरलेलं जेवण. मी करंज्या नेल्या. विधवा, विधुर, विद्यार्थी आले, इरिट्रियाची कुटुंबं मुलांसह आली, आणि मुलं परदेशी असलेली दोन श्वेबिश जोडपीही आली. शिबिराचा जादा आकारही पुढच्या वर्षापासून मंडळीच्या निधीतून जातो. तो विषय पाच मिनिटांत मंजूर झाला. इतकी वर्षं कुणी मांडलाच नव्हता.

एकदा मंडळीची सहल ब्लॅक फॉरेस्टमधल्या क्योनिग्जफेल्डला गेली. मोरेव्हियन बंधुमंडळी या प्रॉटेस्टंट पंथानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वसवलेलं गाव. या मंडळीचं मूळ गाव हेर्नहुट, 1722 मध्ये वसलेलं. तिथं लोकांचे गट घराण्याप्रमाणे पाडत नसत. अविवाहित भगिनींचा एक, अविवाहित बंधूंचा एक, विधवांचा एक, विवाहितांचा एक, आणि प्रत्येक गटाला आपली वडीलधारी. 1730 मध्ये आना निच्मान नावाच्या अवघ्या 14 वर्षांच्या अविवाहित मुलीवर सगळ्या स्त्रियांची वडील म्हणून जबाबदारी आली. त्यांच्या दफनभूमीत उभी स्मारकं नसतात. सारख्या मापाच्या सपाट शिळा जमिनीलगत ओळीनं असतात. एका बाजूला भगिनी, दुसऱ्या बाजूला बंधू, आणि जो ज्या क्रमानं गेला त्या क्रमानं त्याची जागा. अमक्याची बायको, तमक्याची आई म्हणून कुणी कुणाशेजारी नाही. आमच्यातल्या एका काकांना ते फार कोरडं वाटलं. पन्नास वर्षं संसार केलेल्या बायकोशेजारीच माणसाला जागा हवी, असं ते म्हणाले. त्यांचं मी समजू शकते. मला मात्र तिथं फिरताना मोठा आधार वाटला. इतक्या बायका केवळ आपापल्या नावानं तिथं होत्या.

मंडळीत उभं राहून वाचायचं काम मला पहिल्यांदा मिळालं ते पेंटेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाच्या, रविवारी. त्या दिवशीचा पाठ प्रेषितांची कृत्ये, अध्याय 2: पार्थी, मेदी, एलामी, कप्पदुकिया, फ्रुगिया, पंफुलिया. इथले जन्मापासूनचे जर्मनही या नावांना भितात. आदल्या दिवशी रिकाम्या चर्चमध्ये डियाकोनिस शेवटच्या बाकावर बसली आणि मला पुन्हा पुन्हा वाचायला लावलं. उच्चारांबद्दल फार बोलली नाही. ‘घाई करू नका, मागं पोचू द्या,’ एवढंच. नगरला शब्बाथ शाळेत ही नावं मी मुलांकडून पाठ करून घेतलेली, त्यामुळे ती मला परकी नव्हती. फक्त जर्मन कपडे घालून आली होती. उपासनेनंतर श्टेंडरलिंगला तेच आजोबा आले, ज्यांना माझा नवरा भारतात असल्यासारखं वाटत होतं. म्हणाले, ‘मागं सगळं ऐकू आलं.’ आणि मग त्यांनी माझं गाव कुठलं ते विचारलं, आणि मी सांगत असताना शेवटपर्यंत थांबले. नवऱ्याचं तेव्हा निस्तरलं.

30 नोव्हेंबर 2025 ला आमच्या चर्चच्या पंचमंडळाच्या निवडणुका झाल्या. दर सहा वर्षांनी होतात आणि 14 वर्षं पूर्ण झालेले सभासद मत देतात. मला उभं राहा म्हणाले. उमेदवारांच्या माहितीपत्रकात आधीच्या वेळेसारखा एक रकाना होता: विवाहित, मुलं किती. तो मी मोकळा सोडला आणि फॉर्म दिला. दोन दिवसांनी पाळकीणबाईंचा फोन आला. मला वाटलं, राहून गेलं म्हणून विचारतील. त्या म्हणाल्या, ‘तुमचा कागद बघून आम्ही हा रकाना सगळ्यांचाच काढला. त्याऐवजी मंडळीत काय करायला आवडेल ते लिहून द्या.’ मी लिहिलं: नवीन माणसांच्या कामाची वाटणी, आणि 24 तारखेचं टेबल. निवडून आले. डियाकोनिसनं अभिनंदनाची चिठ्ठी दिली, आणि समासात माझ्या माहितीपत्रकातली एक चूक.

त्यानंतर रजेवर नगरला गेले, तर मागच्या बाकावर एक मिझो बाई, दोन लहान मुलं घेऊन. नवरा लष्करात, कुटुंब भिंगारच्या छावणीत, तो स्वतः सीमेवर. हातात ‘उपासना संगीत’ हे आमचं गीतांचं पुस्तक, मिटलेलं. आत्या मला म्हणाली, ‘मराठी येत नाही, पण दर रविवारी येते बिचारी.’ मी त्या ‘बिचारी’शी हिंदीत बोलले. ऐझॉलला ती शब्बाथ शाळेची शिक्षिका होती. मराठी तिला वाचता येत नाही, कारण तिची भाषा रोमन लिपीत लिहितात. ऐकून मात्र बरंच कळतं. संध्याकाळी तरुण संघातल्या दोघींना घेऊन बसले आणि प्रभूची प्रार्थना, विश्वासांगीकार आणि उपासनेतली उत्तरं रोमन अक्षरांत लिहून काढली. पुढच्या रविवारी ती सगळ्यांबरोबर बोलली. तिच्या ‘ळ’पाशी पुढच्या बाकावरची मुलं वळून बघायला लागली, तेव्हा त्यांच्या आयांनी त्यांना सरळ बसवलं.

नवीन पाळकसाहेब तरुण आहेत. त्यांनी माझ्याकडून सगळं लिहून मागितलं, आणि मी लिहून दिलं. तो रोमन कागद आता दारापाशी असतो. त्या बाईंनी लहान मुलांचा वर्ग घेतला आहे, सोबत तरुण संघातली एक मुलगी. कुणाच्या लग्नासाठी मंडळीत मोठ्यानं प्रार्थना करायची तर आधी त्या माणसाला विचारायचं, हेही पाळकसाहेबांनी मान्य केलं. कुटुंब सप्ताहात एकट्या माणसानं एकट्यानं पुढं येऊन आपल्या नावानं आशीर्वाद घ्यायचा, हे मात्र कमिटीपुढं जायचं आहे. आत्या कमिटीत आहे आणि तिचा विरोध आहे. पोरीला सगळ्यांसमोर एकटं उभं करणं तिला बघवत नाही म्हणते. तिच्याशी माझं दर रविवारी फोनवर बोलणं चालू आहे.